सवलतीच्या साखरेचा हिशेब



साखर कारखान्याच्या पत्रातच 'साखर कमी खा' म्हणून लिहायचे, म्हणजे सोनाराच्या पेढीवर बसून दागिने करू नका म्हणण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. उसाच्या भावासाठी आपण जेवढे जागे असतो, तेवढे आपल्या पोटात किती साखर जाते याबाबत नसतो. आणि हे बोलायला आपल्या पत्राहून योग्य जागा दुसरी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. मोठ्या माणसाला हे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम होते. पाच माणसांच्या घरात महिन्याला पावणेचार किलो. त्यातच चहा, शिरा, बिस्किटे, गूळ, पाहुणेरावळे सगळे आले. आता घरोघरी डबा उघडून बघा. सवलतीची साखर आली की पोते संपवायचेच, अशी आपली रीत. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आठ-दहा ग्रॅम. घरी दोन, शेतावर एक, चावडीवर एक, गटकचेरीत एक, आणि कोणी बोलावले म्हणून आणखी एक. झाले की पन्नास-साठ ग्रॅम! 'नुसता चहाच तर घेतो' असे म्हणणाऱ्याचे हे आकडे आहेत.

गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो, हा गैरसमज आहे. रक्तातली साखर वाढवण्यात गूळ साखरेचा सख्खा भाऊ. रसवंतीचेही तेच. साखर उताऱ्याचा आपल्याला मोठा अभिमान, पण तोच उतारा ग्लासात उतरतो त्याचे काय?

मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे नाही. वाढलेले वजन, बैठे काम, आईवडिलांकडून आलेला वारसा ही कारणे आहेतच. पण बैठे काम शेतकऱ्याला कुठले, असे विचाराल तर जरा आठवून पाहा. मोट गेली, इंजिन आले, मग वीज आली. आता मोबाईलवरून मोटार चालू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. शेत तेच राहिले, पण मालकाचे चालणे गेले. जेवण मात्र मोट हाकणाऱ्याचेच राहिले! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. हे सगळे काही मुंबई-पुण्याचे नव्हेत.

आपल्या धंद्यात या रोगाचा एक वेगळाच धोका आहे. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. तोडणीनंतरच्या फडात अनवाणी फिरताना उसाचे धसकट लागले तरी कळत नाही. रक्त दिसेपर्यंत दोन दिवस जातात, जखम चिघळते, आणि पुढे बोट किंवा पाय काढायची पाळी येते. म्हणून मधुमेह असलेल्याने फडात बूट घालावा, रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावेत. याला पैसा लागत नाही. औषध चालू असताना उपास मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा.

तोडणी कामगाराला हा उपदेश करू नये. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्याला सावली, भरपूर पाणी आणि पोटभर भाकरी हवी. ती सोय करणे आपले काम आहे.

बायकांची गोष्ट निराळी. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले कालवण आणि चहा-बिस्कीट यावर ती माउली दिवस काढते. उसाने आपली ज्वारी, तूर, मटकी रानातून हटवली. निदान चार गुंठे घरासाठी ठेवा, बांधावर शेवगा लावा. आणि कारभारणीचे ताट आपल्याबरोबरच वाढले जाऊ द्या.

साखर कमी खाल्ली तर कारखाना कसा चालेल, अशी कोणाला शंका येईल. आपल्या डब्यातल्या दोन किलोंवर गाळप अवलंबून नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासूनही इथेनॉल करण्याची वाट मोकळी झाली. सवलतीची साखर हा तर सभासदाचा हक्कच आहे. तो कोणी सोडा म्हणत नाही, पण हक्काची साखर सगळी आपणच खाल्ली पाहिजे असे थोडेच आहे?

संचालक मंडळाला एक सूचना आहे. येत्या वार्षिक सभेत चहा बिनसाखरेचा करावा आणि साखरेची वाटी बाजूला ठेवावी. ज्याला हवी तो घालून घेईल. सहीच्या रजिस्टरशेजारी रक्तातली साखर तपासण्याचे एक टेबल मांडावे आणि सुरुवात व्यासपीठावरच्या मंडळींपासून करावी. सभासद मागोमाग येतीलच.