रविवारचा खाडा धरू नका

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती शुक्रवारी. रविवारी तिथली सकाळची पाळी रोजच्यासारखी भरते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासना सुरू होते तेव्हा बरीच तरुण मुलं मशीनवर उभी असतात. कुणी औषधाच्या कंपनीत, कुणी रसायनाच्या. उरलेल्यांपैकी काही जण लोकलमध्ये, कारण मॉल, इस्पितळं आणि हॉटेलं रविवारीही चालू असतात. आणि याच मुलांना हल्ली शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाचा, प्रश्न फार छळतो. मोबाइलवर प्रवचनं ऐकतात आणि येऊन विचारतात, “मावशी, चौथी आज्ञा अजून लागू आहे का? असेल तर शनिवार पाळायचा की रविवार? आणि आम्ही तर दोन्ही दिवशी कामावर. मग आमचं काय?”

मी निवृत्त परिचारिका. माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्न होऊन कुळगावात आले ती इथलीच झाले. नोकरी मुंबईत, पाळ्यांची. आता रविवारी मंडळीत शब्बाथशाळा घेते. ईश्वरविज्ञान शिकलेली नाही, पण सुट्टी कुणाला मिळते आणि कुणाची कापली जाते, हे मी वॉर्डातल्या ड्युटीच्या तक्त्यावर आयुष्यभर पाहिलं आहे. त्या मुलांना मी जे सांगते तेच इथे मांडते. ख्रिस्ती माणसावर शनिवारचं बंधन नाही, रविवारचंही नाही. पण शब्बाथाची आज्ञा, म्हणजे दहा आज्ञांतली चौथी, त्याला चुकलेली नाही, आणि आपण ती बहुतेक सगळे मोडतो आहोत.

आधी शनिवार पाळणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकू या. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. पुण्याच्या औंध रस्त्यावरचं त्यांचं स्पायसर महाविद्यालय, म्हणजे आताचं विद्यापीठ, अनेकांना माहीत असेल. अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात, सातवा दिवस देवाने सृष्टीच्या आरंभीच पवित्र केला, तेव्हा मोशे नव्हता आणि यहुदी राष्ट्रही नव्हतं. दहांपैकी नऊ आज्ञा आपण मानतो, मग चौथी कशी गळली? स्वतः प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे. या युक्तिवादात दम आहे. शनिवारी परीक्षा आली म्हणून वर्ष पणाला लावणारी त्यांची मुलं पाहिली की मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

पण नवा करार मला दुसरीकडे नेतो. परराष्ट्रीयांनी विश्वास ठेवला तेव्हा त्यांच्यावर नियमशास्त्राचं किती ओझं घालावं, यावर यरुशलेमेत प्रेषितांची बैठक झाली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तिचा निर्णय आहे. त्या मोजक्या अटींत शब्बाथ नाही. रोमकरांस लिहिताना पौल सांगतो की कुणी एक दिवस मोठा मानील, कुणी सगळे सारखे मानील, प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. कलस्सैकरांना तो बजावतो की सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये, ती येणाऱ्या गोष्टींची छाया होती. दिवसावरून एकमेकांना दोषी ठरवायला इतक्या स्पष्ट शब्दांत मनाई असताना शनिवारवाल्यांनी रविवारवाल्यांना आणि रविवारवाल्यांनी शनिवारवाल्यांना धारेवर धरणं सोडून द्यावं.

रविवारी काम केलं म्हणजे पाप, असं मानणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून पहिले ख्रिस्ती लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र जमत. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने अशा रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलं आहे. पण त्या दिवशी सुट्टी कुठे होती? रोमी साम्राज्यात रविवार कामाचाच दिवस. त्याच शतकाच्या सुरुवातीला प्लिनी नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे, उजाडण्यापूर्वी जमतात अशी नोंद आहे. त्यांच्यात गुलाम होते, मोलमजुरी करणारे होते. रविवारच्या विसाव्याचा कायदा सम्राट कॉन्स्टंटाइनने केला तो इसवी सन 321 मध्ये, आणि त्यातही शेतकऱ्यांना कामाची मुभा होती. म्हणजे जवळपास 300 वर्षं ख्रिस्ती लोकांना प्रभुवार, म्हणजे उपासनेचा रविवार, होता, पण साप्ताहिक सुट्टी नव्हती. मशीनवर उभ्या असलेल्या आमच्या पोरांनी स्वतःला कमी समजण्याचं कारण नाही. पहिली मंडळी त्यांच्यासारख्यांचीच होती.

मग चौथ्या आज्ञेचं उरलं काय? माझ्या मते तिचा गाभा उरला, आणि तो फार जड आहे. ही आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे. निर्गम या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र मोशे मिसरातल्या गुलामीची आठवण देतो. तू दास होतास, तुला सुट्टी नव्हती, म्हणून आता तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. यादी लांबलचक आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. आज्ञा ऐकतो तो घरधनी, आणि तिचा लाभ मिळतो तो ज्यांना स्वतःहून थांबता येत नाही अशांना. घरधन्याने स्वतः विसावा घ्यावाच, पण तेवढ्याने आज्ञा पुरी होत नाही.

हा शब्बाथ आपल्या कोकणाने शेकडो वर्षं डोळ्यांनी पाहिला आहे. अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्रायली यहुदी लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद. त्यावरूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली असं नाव दिलं. एरवी ते मराठी बोलत, मराठमोळं लुगडं नेसत, नारळी-भाताचं जेवण जेवत. घाणा थांबला की तेल्याबरोबर त्याचा बैलही थांबे. दिवसभर डोळ्यांवर झापड बांधून तेच ते रिंगण फिरणारा तो मुका जीव आठवड्यातला एक दिवस दावणीला निवांत रवंथ करी. त्या आज्ञेतला बैल असा आपल्या कोकणात उभा आहे.

आणि ज्या रविवारला आपण ख्रिस्ती लोक आपली ठेव समजतो, तो तरी इथे कुणी मिळवून दिला? ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. 1884 मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली एक मागणी होती दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टीची. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10 हजार कामगार जमले. त्या काळात दोन कामगार स्त्रियांनी तिथे उभं राहून भाषणं केली. शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंडे यांनी मांडल्याचं सांगतात. राज्य ख्रिस्ती राणीचं होतं, तिची कचेरी आणि तिचं चर्च रविवार पाळत होतं, तरी कामगाराला त्याचा रविवार झगडूनच घ्यावा लागला. अनुवादातली आज्ञा जगला तो सत्यशोधक माणूस, हे मी शब्बाथशाळेत मुलांना दरवर्षी सांगते.

माझी आजी याच अर्थाची गोष्ट सांगे. आमचं घराणं गावकीच्या कामाला बांधलेलं. सांगावा आला की जेवत्या ताटावरून उठायचं. ख्रिस्ती झाल्यावर पणजोबांनी एका रविवारी निरोप्याला सांगितलं, “आज उपासना आहे, उद्या येतो.” आजी म्हणे, आपल्या घराण्यात ‘उद्या’ हा शब्द तोवर कुणी पाटलाला ऐकवला नव्हता. आमच्या पूर्वजांना शब्बाथ कळला तो असा. त्यांच्या लेकरांनी आता तो दुसऱ्याला नाकारावा का?

कारण आपण तो नाकारतो. आपल्या घरांकडे पाहा. रविवारी उपासनेहून आल्यावर मटण शिजतं, पाहुणे येतात, गप्पा रंगतात, आणि कामाच्या बाईची भांडी दुप्पट होतात. आपल्या विसाव्याचा दिवस तो तिच्या आठवड्यातला सर्वांत जड दिवस. चार घरची धुणीभांडी करून दुपारी तीनला ती घरी पोहोचते, मग तिचा स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं धुणं. एखाद्या रविवारी आली नाही तर आपण कॅलेंडरवर फुली मारतो आणि महिनाअखेर खाडा धरून पैसे कापतो. आपल्या राज्यात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची पगारी सुट्टी हा हक्क त्यातून त्यांच्या पदरात पडला नाही. दुकानांसाठी 2017 च्या कायद्याने वर्षभर रोज उघडं ठेवण्याची मुभा दिली, कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी द्यावी असंही म्हटलं. पण तो नियम मोठ्या आस्थापनांसाठी. दोन-तीन नोकरांचं दुकान आणि घरातली मोलकरीण यांच्या वाट्याला मालकाची मर्जीच येते. म्हणजे इथे कायदा थांबतो आणि आज्ञा सुरू होते.

आमोस संदेष्ट्याने शब्बाथ पाळणारे व्यापारी पाहिले होते. दिवस काटेकोर पाळायचे, मनात मात्र एकच, हा शब्बाथ संपतो कधी आणि लहान मापाने धान्य विकायला बसतो कधी. देवाला तो शब्बाथ मान्य झाला नाही. खाडा धरणाऱ्या घरातला प्रभुवार त्याला मान्य होईल, असं कोणत्या तोंडाने म्हणावं?

काही कामं थांबत नाहीत, हे नर्सला कुणी सांगायला नको. सलाइन वार पाहत नाही. अठरा वर्षं कुबड घेऊन वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथ दिवशीच सरळ केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी रागावला तेव्हा त्याला विचारलं की तुम्ही आपला बैल पाण्याला सोडताच ना? इस्पितळ, रेल्वे, पाणी, वीज चालूच राहणार. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक आपल्याला डोकेदुखी वाटतो, पण त्या दिवशी रुळांवर घाम गाळणारी माणसं असतात म्हणून सोमवारची बदलापूर लोकल धावते. मात्र थांबता न येणाऱ्या कामातही विसावा वाटून घेता येतो. आमच्या वॉर्डात ख्रिस्ती नर्स दिवाळीची ड्युटी मागून घेत आणि हिंदू मैत्रिणी नाताळाची. ऑफच्या वहीत नावापुढे नाव खोडून बदल लिहिलेला असे. रविवारचे ऑफ मात्र बहुतेक सीनियरकडे जात, आणि सर्वांत जास्त ओढाताण होई ती सफाईच्या मावशींची. त्यांच्या जागी बदली माणूसच नसे. विसावा कुठे कमी पडतो, हे पाहायचं तर तक्त्याच्या तळाशी पाहावं.

म्हणून बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मंडळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिली गोष्ट, शुक्रवारी सुट्टी असणाऱ्यांसाठी शुक्रवारी उपासना ठेवा. माझ्या कित्येक सहकारी कुवेत-दुबईला गेल्या. तेव्हा तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून चर्चमध्ये शुक्रवारी गर्दीच्या उपासना होत. त्यांचा विश्वास पातळ झाला नाही. कॅथलिक बांधवांकडे शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. पुनरुत्थानाचा रविवार आपला आहेच, तो कुणी बदला म्हणत नाही. पण कारखान्यातल्या पोराला प्रभुभोजन महिनोन् महिने मिळू नये, हे कोणत्याही पाळकाला रुचणारं नाही.

दुसरी गोष्ट घराघरांतली. कामाच्या बाईला आठवड्याची एक पगारी सुट्टी द्या. वार तिला ठरवू द्या. तिला एकादशी हवी असेल, गुरुवार हवा असेल, तर तो तिचा. त्या दिवशी भांडी आपण घासावी, मुलांनी विसळावी. सोसायटीत पाच ख्रिस्ती घरांनी हे सुरू केलं तर बाकीच्या घरांनाही विचार करावा लागेल. तिसरी, ज्यांचं दुकान, गाळा, वर्कशॉप आहे त्यांनी कायदा लागू नसला तरी हाताखालच्या माणसाला सुट्टी द्यावी आणि तिचा पगार कापू नये. मंडळीच्या वार्षिक सभेत झाडलोट करणाऱ्याची आणि रखवालदाराची सुट्टीही ठरावात यावी. देवाच्या घरातल्या चाकराला शब्बाथ नाही, असं होऊ नये.

शनिवार पाळणाऱ्या भावाबहिणींनी आपला शनिवार निष्ठेने पाळावा, आम्ही प्रभुवार पाळू. दोघांनाही शेवटी एकच हिशेब द्यायचा आहे. तू कोणता वार पाळलास, हा त्यातला लहान प्रश्न असेल. तुझ्या हाताखाली जो राबला त्याला तू थांबू दिलंस का, हा मोठा. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला या महिन्याच्या पगारापासूनच सुरुवात करता येईल.