सेनापतींची नाणी आणि घरचे रुपये

सेनानी तात्या टोपे यांच्या स्मरणार्थ केंद्र सरकारने 2015 साली 200 रुपयांचे नाणे काढले. वजन 35 ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. येवल्यात जन्मलेल्या या वीराला 18 एप्रिल 1859 रोजी आपल्या शेजारच्या शिवपुरीत फाशी झाली. तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरात हे नाणे असावे, ही इच्छा रास्तच आहे. मात्र ते सरकारी टांकसाळीचेच आहे ना, हे पाहून घ्यावे. सराफाकडे शिवराय वा बाजीराव यांची छबी असलेले जे ‘नाणे’ मिळते, ते नाणे नव्हे, पदक होय. त्याला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मोजू नये.

आमचे खरे दुखणे वेगळे आहे. देवघरातल्या डब्यातले शिंदेशाही, होळकरशाही रुपये लग्नकार्याच्या निमित्ताने मोडीत निघत आहेत. महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला, तरी ग्वाल्हेरच्या रुपयावर नाव राहिले शाह आलम बादशहाचे. होळकरांच्या महेश्वरी रुपयावरही बादशहाचे नाव, पण सोबत शिवलिंग आणि बेलपत्र. त्या काळचे राजकारण असे एका रुपयात वाचता येते. रुपया वितळला की ते गेलेच.

म्हणून सभासदांना विनंती : मोडण्याची घाई करू नका. चिंच लावून घासू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, वजन लिहा, घरात कधीपासून आहे ते आजीला विचारून ठेवा. सेनापतींचे पुतळे सरकार उभारील. त्यांच्या शिपायांच्या हातून फिरलेला रुपया आपणच सांभाळायचा आहे.