उंचीवर खापर फोडू नका

लेहच्या पोस्टिंगवर माझी जुनी डिझेल एसयूव्ही मधूनच मरगळायची. त्याच चढावर आज दम नाही, उद्या ठणठणीत. सगळे म्हणायचे, "साहेब, साडेअकरा हजार फूट, हवाच विरळ!" मला पटेना. विरळ हवा रोजच विरळ असते. येणारा-जाणारा दोष गाडीतच शोधावा. मेकॅनिक थेट पंप बदलायला निघाला होता. मी आधी स्वस्तातलं तपासलं: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, मग टर्बोचा रबरी पाइप. पाइपला बारीक चीर होती. इंजिन तापून रबर मऊ पडलं, की दाबानं ती उघडायची. थंड असताना मिटलेली. समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेकमध्येच उघडली असती तर? म्हणून मंडळी, तपासल्याशिवाय डोंगराला दोष देऊ नका.