आधी खोला, मग प्लग लावा

कॉलेजच्या स्टोअररूममध्ये जुना ३८६ किंवा ४८६ पीसी दिसला की मोह होतोच, लावून बघूया का? थांबा! त्या काळच्या अनेक मदरबोर्डवर निकेल-कॅडमियम बॅटरी झाळलेली असते. मशीन वर्षानुवर्षं बंद असलं तरी ती गळते आणि तांब्याच्या रेषा खात सुटते. आधी ती काढा, डाग व्हिनेगरने पुसा (हो, चायनीजवर टाकतो तेच), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून वाळवा. पॉवर सप्लाय मात्र जाणकारानेच उघडावा. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी कॉलेजांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना एक दुपार तरी द्यावी. मशीन नाही जगलं तरी चालेल. पण त्या हार्ड डिस्कवर एखाद्या वार्षिकांकाची, एकांकिकेची एकुलती एक प्रत असू शकते.