वायरींचा गुंता आणि ‘तो त्यांचा पसारा’



ज्या घरात कुणाला सुतारकामाची, दुरुस्तीची हौस आहे, त्या घरात एक कोपरा असतोच. गच्चीवरची खोली म्हणा, जिन्याखालची जागा म्हणा. तिथे ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, मार्बल कटर, दोन-तीन एक्स्टेंशन बोर्ड आणि या सगळ्यांच्या वायरी एकमेकींत अशा अडकलेल्या, की एक ओढली तर चार वर येतात.

याबद्दल आपल्या बायकांत दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे, “तो त्यांचा पसारा, आपण बघायचंही नाही.” दुसरं, “रविवारी मीच आवरते बाई, दुसरं कोण करणार?” मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिल्या मताचं आधी बघू. पसारा त्यांचा असेल, पण वीज सगळ्यांची आहे. ती खोली झाडायला कोण जातं? मुलांचा चेंडू कुठे घरंगळतो? २३० व्होल्टचा धक्का हौस कुणाची होती ते विचारत नाही.

गुंता नुसता दिसायला वाईट असता तर मी लिहिलंच नसतं. गुंत्यातून वायर हिसकली की ती मशीनच्या मानेशी, म्हणजे जिथून ती आत जाते तिथे, आतून तुटत जाते. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या असतात. तिथेच वायर तापते, तिथेच ठिणगी उडते.

त्याहून वाईट म्हणजे चुकीची पिन. गुंत्यातल्या सगळ्या पिना सारख्याच काळ्या. ड्रिलची समजून ग्राइंडरची लावली, आणि त्या ग्राइंडरचं बटण चालू स्थितीत अडकून राहिलेलं असेल, तर बोर्डाचं बटण दाबताच टेबलावर पडलेला ग्राइंडर फिरायला लागतो. धरायला कुणाचा हात नाही आणि पातं फिरतंय! हा धोका कुणाला पसाऱ्यात मोजावासा वाटत असेल तर खुशाल मोजा.

आता दुसरं मत, “मीच आवरते.” नका आवरू! दर रविवारी तुम्ही गुंता सोडवता म्हणूनच तो दर रविवारी होतो. गुंता होतो तो मशीन ठेवताना, काढताना नव्हे. म्हणून ज्याने मशीन वापरलं त्यानेच वायर गुंडाळायची. नवरा असो, दीर असो, मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून हात लावायला सांगितलं आहे, साधू-साध्वींना तर आदान-निक्षेपण समितीच आहे. आपण ती जयणा पाण्याच्या हंड्याला लावतो, धान्याच्या डब्याला लावतो. मग ड्रिलला का नाही? महिनोन्महिने पडलेल्या गुंत्यात कोळी, मुंग्या, पाली घर करतात. तो हिसकला की काय होतं ते मी सांगायला नको.

गुंडाळायची रीत मात्र सगळ्यांनीच शिकावी. अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये गरागरा गुंडाळायची सवय आधी सोडा. त्यात प्रत्येक वेढ्याला वायरीत पीळ बसतो आणि पुढच्या वेळी तोच पीळ गाठ होऊन समोर येतो. मशीनच्या अंगावर घट्ट आवळून गुंडाळणंही वाईट, कारण मानेशी वायर मोडते. आपल्या मिक्सरचीही हीच रड आहे.

पिन काढताना पिन धरा, वायर नको. मग मशीनच्या बाजूने सुरुवात करून ताटलीएवढे सैल वेढे घ्या, एक वेढा सरळ, पुढचा उलटा. उलट्या वेढ्याने आधीचा पीळ निघून जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा जुनी नाडी सैलशी बांधा. प्रत्येक मशीनला भिंतीवर स्वतःची खुंटी आणि प्रत्येक पिनेजवळ नावाची चिठ्ठी हवी. मसाल्याच्या डब्यांना आपण नावं लावतोच की.

एक्स्टेंशनचं उलटं आहे. ठेवताना गुंडाळायचं, पण वापरताना पूर्ण उलगडायचं. गुंडाळीतच ठेवून जड मशीन चालवलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. शिवाय ६ अँपिअरच्या बोर्डाला २३० व्होल्टवर १३८० वॅटच झेपतात. मार्बल कटर एकटाच हजार-बाराशे वॅट घेतो. त्याच बोर्डावर ग्राइंडरही लावणं म्हणजे हट्टाने आग मागवणं.

यावर कुणी म्हणेल, मोठा प्लॅस्टिकचा टब आणून सगळं त्यात टाकावं. टब गुंता लपवतो, सोडवत नाही. तूरडाळ, साखर आणि रवा आपण एकाच डब्यात ओतत नाही. कुणी म्हणेल, बॅटरीची मशीनं घ्या, वायरच नको. शिडीवर चढून रोज काम करणाऱ्याला ती जरूर सोयीची. पण वर्षातून चारदा भिंतीला भोक पाडणाऱ्या घराला? बॅटरी न वापरताही जुनी होत जाते, आणि धडधाकट ड्रिल घरात असताना दुसरं आणणं हा निव्वळ परिग्रह. दोन मिनिटांच्या आळसावर काही हजारांची खरेदी हा उपाय मला तरी पटत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, त्या खोलीकडे पाठ फिरवू नका आणि तिथली मोलकरीणही होऊ नका. एकदा सगळ्यांना बसवून गुंडाळायची रीत दाखवा, खुंट्या ठोकून घ्या, आणि नियम सांगा की वायर खुंटीवर गेल्याशिवाय काम संपलं असं कुणी म्हणायचं नाही. जेवण झाल्यावर ताट उचलायला आपण मुलांना शिकवतोच ना? हेही तेच आहे.