शाळेत ग्रंथालय सक्तीचे, मग सांभाळायचे कोणी?

शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना त्यासाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपये मिळतात. मात्र कायद्याच्या अनुसूचीत ग्रंथपालाचे पद नाही.

अडते कुठे?
ग्रंथपाल नसलेल्या शाळेत प्रभारी शिक्षक आणि मदतनीस ग्रंथालय पाहतात. पुस्तक हरवल्यास भरपाई कोणाकडून, हे ठरलेले नसेल तर कपाटाला कुलूपच लागते.

उपाय काय?
पुस्तकांची निवड, दाखल नोंदवही आणि वार्षिक मोजणी शिक्षकाकडे. देवघेव, मांडणी आणि डागडुजी मदतनिसाकडे. ही वाटणी मुख्याध्यापकांनी लेखी द्यावी. दोघांनी दर आठवड्याला देवघेव वही एकत्र तपासावी. हरवलेल्या पुस्तकाचा भुर्दंड एकट्या मदतनिसावर पडणार नसेल, तरच पुस्तके मुलांच्या हाती जातील.