दरडीचा धनी कोण?

महाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर सावित्रीच्या खाडीकाठी दासगाव लागते. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून आगबोटीने निघाले, ते याच बंदरात उतरून पुढे महाडला गेले. समतेच्या लढ्याच्या इतिहासात या गावाचे नाव तेव्हापासून आहे. ते पुन्हा सर्वतोमुखी झाले २००५ च्या जुलैत, आणि त्या वेळी निमित्त मृतांच्या यादीचे होते. २५ व २६ जुलैच्या प्रलयंकारी पावसात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातील चार गावांवर डोंगर खाली आला. मृतांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. त्यांतले सर्वाधिक एकट्या जुईचे. महाड शहर पुराच्या पाण्यात, रस्ते दरडींनी बंद, तारायंत्रे-दूरध्वनी मुके, अशा स्थितीत मदत पोचेपर्यंत ज्यांना हातांनी चिखल उपसता आला त्यांनी तो उपसला.

महाराष्ट्राच्या स्मरणात मात्र 'सव्वीस जुलै' म्हणजे मुंबई. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, महानगर बुडाले, आणि महाडच्या डोंगरकपारीतले मृत्यू हे त्या मोठ्या बातमीचे उपकथानक ठरले. चाकरमान्यांच्या पैशावर चालणाऱ्या गावांच्या वाट्याला हे नेहमीच येते. दहा वर्षे उलटल्यानंतरही दासगावच्या काही दरडग्रस्त कुटुंबांचा मुक्काम पत्र्याच्या निवाऱ्यांतच होता, ही वस्तुस्थिती त्या विस्मरणाचेच माप आहे.

मग २२ जुलै २०२१ उजाडला. त्याच महाड तालुक्यात तळिये गावावर कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. दोन घटनांत सोळा वर्षांचे अंतर. या सोळा वर्षांत आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला (तो २००५ च्याच डिसेंबरातला), प्राधिकरणे स्थापन झाली, भूवैज्ञानिकांनी पाहण्या केल्या. रायगड जिल्ह्यात शंभराहून अधिक गावे दरडप्रवण ठरविण्यात आली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या महाड तालुक्यातील निघाली. म्हणजे अज्ञान हे कारण उरले नाही. धोका कोठे आहे हे कागदावर लिहिलेले होते. त्या कागदावर कोणाची सही आणि कोणाची जबाबदारी, एवढेच लिहायचे राहिले होते.

अशा प्रसंगी 'अस्मानी संकट' हा शब्द फार सोयीचा असतो. आपल्या पूर्वजांनी अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द शेजारी ठेवले, ते दोहोंतील भेद कळावा म्हणून. पाऊस अस्मानी आहे यात वाद नाही. सह्याद्रीचा काळा कातळ थरांचा, भेगांचा आहे. वरचा मुरूम आणि माती पाणी पिते, खालच्या अभेद्य थराशी ते पाणी अडते, भेगांत साचून आतून रेटा देते, आणि उतार पुरेसा तीव्र असला की वरचा थर घसरतो. हे डोंगर माणूस येण्यापूर्वीही घसरत होते. तळियेवर किंवा खालापूर तालुक्यातील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर, जेथे २०२३ च्या जुलैत झोपेत असलेली वाडी गाडली गेली, कोणी महामार्ग काढलेला नव्हता. तेव्हा प्रत्येक दरडीचे खापर रस्त्याच्या कंत्राटदारावर फोडणे अशास्त्रीय होईल. परंतु डोंगराचा पायथा उभा कापला, पाण्याच्या मूळ वाटा बुजविल्या, राडारोडा उतारावर ढकलला, की जो उतार शंभर वर्षे टिकला असता तो दहा वर्षांत खाली येतो. येथे अस्मानी संपते आणि सुलतानी सुरू होते.

आणि ही सुलतानी अंदाजपत्रकात जन्म घेते. डोंगर सौम्य उताराने, टप्प्याटप्प्याने कापावयाचा तर अधिक जमीन संपादावी लागते, अधिक खोदाई करावी लागते, वर पाणी वळविणारे चर आणि खाली भिंती बांधाव्या लागतात. उभा कापला की हा सारा खर्च वाचतो. वाचतो म्हणजे नाहीसा होतो असे नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाच्या 'सामाजिक खर्चा'ची जी मीमांसा केली तिचे याहून ढळढळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. कंत्राटाच्या हिशेबात जी बचत दिसते ती पुढे रात्रीच्या एस.टी.तल्या उतारूच्या, दूध घेऊन निघालेल्या दुचाकीस्वाराच्या किंवा रस्त्याखालच्या वाडीच्या नावे पडते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात महामार्गाचे रुंदीकरण चालू असतानाच २०२१ च्या पावसात खालच्या पेढे गावच्या वस्तीवर दरड आली. वर प्रवासी, खाली रहिवासी, दोघेही या बचतीचे मुकाट हप्ते भरतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा २०११ साली हाती घेतला गेला आणि दहा वर्षांत पुरा झाला नाही. त्या काळात किती कापलेले डोंगर किती पावसाळे उघडे राहिले, याचा हिशेब कोणत्याही विधिमंडळ अधिवेशनात मांडला गेला नाही.

याच डोंगरांच्या कुशीतून आणखी एक मार्ग जातो, आणि त्याची कथा लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. कोकण रेल्वे हे बॅ. नाथ पै यांचे स्वप्न, प्रा. मधु दंडवते यांचा ध्यास आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली आकाराला आलेले सार्वजनिक महामंडळ. ती १९९८ पासून संपूर्ण धावू लागली. पहिली काही वर्षे तिनेही डोंगराला कमी लेखले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने पन्नासहून अधिक प्रवाशांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, खुद्द महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीवर आदळून तिचे डबे पुलावरून खाली गेले. दासगावच्या दुर्घटनेपूर्वी जेमतेम तेरा महिने.

रेल्वेने त्यानंतर काय केले? तिने उतार सौम्य केले, कड्यांना जाळ्या घातल्या, भिंती बांधल्या. ठरावीक स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसविली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक केले, ज्यात गाड्या मुद्दाम सावकाश धावतात आणि प्रवाशांना काही तास जास्त लागतात. कोणी तक्रार करीत नाही. मुख्य म्हणजे तिने माणसे नेमली. पावसाळ्याचे चार महिने शेकडो कामगार रात्रंदिवस रुळांच्या कडेने कंदील, झेंडी आणि संपर्कयंत्र घेऊन चालत असतात, धोक्याच्या कटिंगांवर अहोरात्र पहारा असतो. २०२४ च्या जुलैत खेड तालुक्यातील दिवाणखवटीजवळ मोठी दरड रुळांवर आली, वाहतूक सुमारे एक दिवस ठप्प झाली, हजारो प्रवाशांचे हाल झाले. बळी मात्र गेला नाही. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक इतकाच की रेल्वेच्या कटिंगला धनी आहे आणि त्याला आपल्या मालमत्तेची व उत्तरदायित्वाची जाणीव पन्नास प्रेतांनी करून दिलेली आहे.

रस्त्यालाही एके काळी असा पहारेकरी होता. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली हा कोकणच्या घाटरस्त्यांवरचा सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत उपयुक्त सरकारी नोकर. ठरावीक मैलांचा तुकडा त्याच्या ताब्यात असे. फावडे, घमेले आणि डोक्यावर इरले घेऊन तो मे महिन्यात गटारे उपसून ठेवी, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा काढी. कोणत्या वळणावर कोणता धोंडा दर पावसाळ्यात थोडा पुढे सरकतो, कोठे झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, कोठली झाडे कलली आहेत, हे ज्ञान त्याच्या डोक्यात असे आणि मुकादमामार्फत ते वर जाई. या ज्ञानाला कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. कर्मचाऱ्यांच्या संख्येत काटकसर करण्याचे धोरण आले, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरणे थांबले, काम तुकड्यातुकड्याने कंत्राटावर गेले. कंत्राटदाराचे काम दरड पडल्यावर सुरू होते. ती उचलण्याचे त्याला पैसे मिळतात, ती पडू न देण्याचे नव्हे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे की अशा करारातून दरडी कमी होणार नाहीत.

वरंध घाटाची वाट जड वाहनांना बंद करणे, आंबेनळी घाट आठवडेच्या आठवडे बंद ठेवणे, आणि उरलेल्या ठिकाणी 'दरडप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश हाका' अशी पाटी लावणे, एवढ्यावर शासनाचे कर्तव्य संपते. पाटी लावली की जबाबदारी वाहन चालविणाऱ्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी २०१५ च्या जुलैत मोटारींवर दरड कोसळून माणसे दगावली, तेव्हा तेथील कड्यांवर पोलादी जाळ्या चढविण्याची हालचाल तातडीने झाली. ती योग्यच होती. परंतु पथकर भरणाऱ्याच्या डोक्यावर जाळी आणि पोलादपूरच्या एस.टी.त बसणाऱ्याच्या डोक्यावर पाटी, ही विभागणी कोणत्या भूशास्त्रात बसते?

'आपल्या गरीब देशाला हे परवडणार कसे?' असा प्रश्न येतो. हाँगकाँगचे उदाहरण या ठिकाणी विचारात घ्यावे. १८ जून १९७२ रोजी तेथे एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळून १३८ माणसे मेली. १९७६ मध्ये पुन्हा तसेच घडले. १९७७ साली त्या वसाहतीच्या सरकारने उतारांसाठी स्वतंत्र तांत्रिक कार्यालय उभारले. पुढे तेथील सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची सूची तयार झाली. प्रत्येक उताराला क्रमांक आहे, आणि त्याची निगा कोणी राखावयाची हे त्या सूचीत नोंदविलेले आहे. लोकांना उत्तरदायी नसलेल्या परकीय सत्तेला जे करावेसे वाटले ते पाच वर्षांनी मते मागणाऱ्या स्वकीय सत्तेला सुचू नये, हे दुःखाचे आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील रस्त्यांकडेच्या कापीव उतारांची मोजणी करावयास साठ हजार पाट्या लागणार नाहीत. दोन पदवीधर अभियंते आणि तिथलेच काही जुने रस्ता-कामगार एका उन्हाळ्यात ती पुरी करतील.

पैशाचा प्रश्नही पैशापेक्षा क्रमाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती-निधीची विभागणी सुचविली ती ८० टक्के मुख्यतः मदत व पुनर्वसनासाठी आणि २० टक्के प्रतिबंधासाठी. बहुतेक पैसा आपत्ती येऊन गेल्यावर. हा वीस टक्क्यांचा भागही पूर्वी स्वतंत्रपणे नव्हता, हे आयोगाच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु मेलेल्या माणसामागे सानुग्रह रक्कम जाहीर करणे हा मंत्र्यांसाठी एका दुपारचा कार्यक्रम असतो, छायाचित्र निघते. गटार उपसल्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. तळियेच्या वाचलेल्या कुटुंबांना पुढचे पावसाळे कंटेनरच्या घरांत काढावे लागले, कारण मदतीची घोषणा आणि घर यांच्यामध्ये निधीचा नव्हे, निग्रहाचा अभाव होता.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली सह्याद्रीतील नाजूक प्रदेशांचा अहवाल दिला आणि निर्णयात ग्रामसभांना स्थान मागितले. पुढे कस्तुरीरंगन समिती आली, २०१४ पासून अधिसूचनांच्या मसुद्यांमागून मसुदे निघाले. एक तर वायनाडच्या भीषण दरडीच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण ग्रामसभेचा जो मुद्दा सर्वांनी सोडून दिला तोच दरडीच्या बाबतीत सर्वांत व्यवहार्य आहे. प्रत्येक दरडप्रवण गावात पर्जन्यमापक असावे, पाऊस अमुक मर्यादेपलीकडे गेला की वस्ती कोणत्या शाळेत हलवायची हे आधी ठरलेले असावे, आणि 'चला' म्हणण्याचा अधिकार तहसीलदाराच्या दूरध्वनीची वाट न पाहता गावच्या माणसाला असावा. २००५ च्या त्या रात्री दूरध्वनी चालू नव्हते.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. तिच्याखाली दगड फोडले गेले, पाझर तलाव झाले, रस्तेही झाले. डोंगरमाथ्यावरचे पाणी वळविणारे चर, घाटातील गटारे आणि मोऱ्या यांची वार्षिक निगा हे काम त्याच जातीचे आहे. त्याला यंत्र कमी लागते आणि गावात राहणारी, डोंगर ओळखणारी माणसे जास्त लागतात. मैलकुलीची जागा पुन्हा निर्माण करा, ही मागणी जुनाट वाटेल. कोकण रेल्वेचा गस्तवाला जुनाट नाही, तर रस्त्याचा तरी का असावा?

दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांना आरंभ करण्यास मोर्चाची गरज नाही. बांधकाम विभागाकडे आणि महामार्गाच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली चार गोष्टी मागाव्यात: कापलेल्या उतारांची यादी, प्रत्येकाच्या निगेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे पद, गेल्या पाच वर्षांत गटारे व मोऱ्या साफ करण्यावर झालेला खर्च, आणि दरडी उचलण्यावर झालेला खर्च. शेवटचे दोन आकडे ग्रामसभेत एकाशेजारी एक फळ्यावर लिहावेत. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होते, निविदा निघेपर्यंत मे संपतो आणि काम सुरू होते तेव्हा मृग लागलेला असतो. म्हणून हे अर्ज माघातच गेले पाहिजेत, आणि उत्तरे रोहिणी निघण्यापूर्वी दासगावच्या चावडीवर वाचली गेली पाहिजेत.